पाणी कोण आणायचं?

फाटकावर पहारा करणाऱ्या माणसाला पोटाचा आजार असू नये. ज्ञानदेव खराडेला तो होता. मांजरीजवळ नव्याने उभ्या राहिलेल्या एका आयटी कंपनीच्या फाटकावर तो रखवालदार होता. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस. उभं राहायची सवय होती, मिशीही अजून ताठ होती. पण पोटात कळ आली की मिशीचा काही उपयोग होत नसे. फाटक सोडून पळावंच लागे. मागे साहेबलोकांच्या गाड्या हॉर्न वाजवत उभ्या राहत.

शेवटी सुपरवायझर दिग्विजय, जो वयाने ज्ञानदेवच्या मुलाएवढा होता, एकदा त्याला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, कॅमेऱ्यात गेट रिकामं दिसतं हो. मी किती अ‍ॅडजस्ट करणार? या महिन्यात काहीतरी बघा. नाहीतर मला दुसरा गार्ड घ्यावा लागेल.”

“बघतो,” ज्ञानदेव म्हणाला.

बघण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. आजार फौजेतला होता, पण घरी पाठवताना मेडिकल बोर्डाने लिहिलं होतं, की हा आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीत वाढलेलाही नाही. म्हणून अपंगत्वाची पेन्शन नामंजूर. आता माजी सैनिकांच्या संघटनेने खटपट करून अपिलाचं बोर्ड बसवलं होतं. हे शेवटचं. इथे नाही म्हटलं की कायमचं नाही.

खरं सांगायचं तर पहिल्या बोर्डाचा फारसा दोष नव्हता. डॉक्टरने सरळ विचारलं होतं, “वर पाणी कसलं प्यायचात?”

“बर्फ वितळवून, उकळून, साहेब. नियमाप्रमाणे.”

हे खोटं होतं.

सरहद्दीवरच्या त्या उंच, बर्फातल्या चौकीवर नळ नव्हता, ओढा नव्हता. तितक्या उंचीवर पाणी पाण्यासारखं राहतच नाही. बर्फ खणून आणायचा, स्टोव्हवर वितळवायचा, उकळायचा, तेव्हा कुठे पेलाभर पाणी मिळतं. त्या हिवाळ्यात वादळ आलं आणि ते हटेचना. चौकीवर तिघे होते, ज्ञानदेव, पोपट आणि रंगनाथ. हेलिकॉप्टर येईना, रॉकेल संपलं. ज्ञानदेवच्या पायाची बोटं काळी पडली होती, त्याला उभंही राहता येत नव्हतं. जीभ टाळूला चिकटायला लागली. आणि एका सकाळी तंबूच्या दाराशी डबा भरलेला दिसला. आत बर्फ नव्हता, पाणी होतं. वर सायीसारखा पातळ पापुद्रा, बाकी सगळं हलतं पाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा भरलेला. वादळ संपेपर्यंत रोज.

ज्ञानदेवने ओळखलं, हे पोपटचं काम. पण विचारलं नाही. पलटणीत अशा गोष्टीचे आभार मानत नाहीत. मानले तर आपल्या माणसाला परकं केल्यासारखं होतं. पाण्याला कसलासा गोडसर वास यायचा. पुढे तिघांचीही पोटं बिघडली ती कायमची. हे बोर्डापुढे सांगायचं, तर पोपटने नियम मोडून कुठलंतरी कच्चं पाणी पाजलं, असं सांगावं लागणार. ज्याने जगवलं त्याच्यावरच खापर फोडायचं? ज्ञानदेव खोटं बोलला आणि पेन्शनला मुकला. अपिलाच्या अर्जात मात्र संघटनेने कच्चं पाणी लिहायला लावलं होतं, पण आणणाऱ्याचं नाव त्याने घातलं नव्हतं.

बायकोला, द्वारकाला, त्याने हे एकदाच सांगितलं होतं. तिने ते मनात जपून ठेवलं होतं.

अपिलाच्या दिवशी मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं. कॅम्पातल्या लष्करी इस्पितळाच्या व्हरांड्यात ज्ञानदेव आणि द्वारका बाकावर बसले होते. अपील तिघांचं एकत्रच होतं. खटाव तालुक्यातून पहाटेची एसटी पकडून पोपट आला. कात्रजहून, मुलीच्या घरून, रंगनाथ आला. चौकीवरून खाली उतरवल्यापासून तिघे एका जागी असे पहिल्यांदाच भेटत होते.

“आल्या आल्या आधी संडास कुठं हाय ते बघून आलो,” पोपट म्हणाला.

“शाब्बास. फौजी माणूस, आधी रेकी,” रंगनाथ म्हणाला. “मी तर येताना प्रत्येक सिग्नलला नवस बोलत आलो.”

तिघेही हसले. द्वारकाने पिशवीतून राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा काढला आणि पोपटच्या हातात ठेवला.

“भावजी, हे तुमच्यासाठी. पोटाला जड नाहीत. यांच्यात आभार मानत नाहीत म्हणे, पण मी काही तुमच्या पलटणीत नाही. वर तुम्ही पाणी आणलंत, म्हणून माझं माणूस मला परत मिळालं.”

ज्ञानदेवने मान खाली घातली. पोपट मात्र डबा तसाच हातात धरून तिच्याकडे बघत राहिला.

“वैनी, म्या न्हाय. पाणी रंगनाथ आणायचा.”

“मी?” रंगनाथ म्हणाला. “अरे, माझे डोळे बर्फाने सुजलेले, पट्टी बांधलेली. मला माझा हात दिसत नव्हता. पाणी हवालदार आणायचे.”

“माझ्या पायाची बोटं तेव्हा काळी पडलेली, रंगनाथ.”

“आन् म्या तापानं फणफणलेलो,” पोपट म्हणाला. “मुतायला उठायची ताकद नव्हती. म्या समजलो, तू चाचपडत जातुयास. म्हणून तर पहिल्या बोर्डात खोटं बोललो. म्हटलं, तुझं नाव नगं यायला.”

“मी यांचं नाव येऊ नये म्हणून बोललो,” रंगनाथ म्हणाला.

“आणि मी तुझं, पोपट.”

समोर गुलमोहराखाली एक अर्दली स्कूटर पुसत होता, त्याच्याकडे तिघेही बघत राहिले.

“चौथा कुनी व्हता का रं आपल्यात?” पोपटने विचारलं.

“नव्हता,” ज्ञानदेव म्हणाला. “आजूबाजूला पायी पोचता येईल असंही कोणी नव्हतं.”

द्वारकाने पदर सावरून घेतला. “अहो, हे आत असंच सांगणार आहात का? हसतील.”

“हसतील कशाला? पोटाबरोबर डोकंही तपासा म्हणून लिहून देतील,” रंगनाथ म्हणाला. “हे बघा हवालदार, तिघांनी तीन नावं घेतली की अपील खलास. एकाने म्हणायचं, मी आणलं. तुम्ही सीनियर, तुम्ही म्हणा. चौकीमागच्या कपारीतून आणलं, एवढंच.”

“जे केलं नाही, ते केलं म्हणू?”

“ज्याने केलं तो आला का सांगायला?”

आतून ज्ञानदेवच्या नावाचा पुकारा झाला.

टेबलामागे तीन डॉक्टर होते. मधले कर्नल केस पिकलेले, मराठीच होते.

“हवालदार, पहिल्या बोर्डात तुम्ही उकळलेला बर्फ म्हणालात. अपिलात कच्चं पाणी म्हणता. खरं काय?”

“आत्ताचं, साहेब.”

“आणलं कोणी?”

“मी.”

“कुठून?”

चौकीमागच्या कपारीतून, असं म्हणायचं ठरलं होतं. ज्ञानदेवने तोंड उघडलं.

“खालच्या उतारावरून, साहेब. दोर बांधून उतरावं लागतं. काळा खडक आहे, त्याच्या पोटाशी निळी खळगी. वर बर्फाचं झाकण असतं, ते टाचेने फोडायचं. आत पाणी असतं.”

आवाज त्याचाच होता, पण शब्द कुठून येत होते ते त्याला कळेना. त्या उतारावर तो कधी गेलेला नव्हता. तरी खडक डोळ्यांसमोर होता, त्यावरच्या ओरखड्यांसकट.

“डबा तिरपा बुडवावा लागतो. सरळ बुडवला तर त्याच्या हाताला लागतो.”

“कोणाच्या हाताला?”

ज्ञानदेवला थांबायचं होतं. थांबता आलं नाही.

“खाली आहे त्याच्या. डाव्या हाताला, साहेब. उजवा अंगाखाली गेलाय.”

कडेचा तरुण डॉक्टर कर्नलांच्या कानाशी झुकून म्हणाला, “सर, यांना सायकियाट्रीकडे...” कर्नलांनी त्याला हातानेच थांबवलं. त्यांनी समोरची फाईल मिटली.

“तुमच्या त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात मी खालच्या तळावर होतो,” ते म्हणाले. “त्या खडकापाशी एक जवान सापडला. त्याला माझ्यासमोर वर काढला. तुमच्या आधी तिथे जी पलटण होती, तिचा. तुमच्या आदल्या हिवाळ्यात हरवलेला. डावा हात असा वर आलेला होता, उजवा अंगाखाली. तुम्ही तिघे तेव्हा केव्हाच वेगवेगळ्या इस्पितळांत पोचला होतात. तुम्हाला हे कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही, साहेब.”

“तो हरवला कसा, ते माहीत आहे?”

“नाही, साहेब.”

“पाणी आणायला गेला होता. त्याची पाळी होती. चौकीवरचे वाट बघत राहिले.”

ज्ञानदेवने खुर्चीची पाठ धरली.

“साहेब, पाणी मी नाही आणलं.”

“ठाऊक आहे. तुमच्या पायांची तेव्हाची अवस्था कागदावर आहे. पण पाणी कोणीतरी आणलं, त्याशिवाय तुम्ही जगला नसतात. आणि पाणी खराब होतं, त्याशिवाय तिघांना एकच आजार झाला नसता. आता मी काय लिहू? कोणी आणलं म्हणून लिहू?”

दिग्विजयने दिलेला महिना संपत आला होता. बाहेर दोघे बसले होते, त्यांचंही अपील या एका उत्तरावर होतं. आणणाऱ्याला दोष लागू नये म्हणून ज्ञानदेव इतकी वर्षं गप्प राहिला होता, आणि आणणारा कोण ते आज कळलं होतं.

“लिहा, साहेब,” तो म्हणाला. “ड्यूटीवरच्या जवानाने आणलं.”

कर्नलांनी पेन उचललं.

“आणि चूक म्हणून लिहू नका, साहेब. त्याच्याकडे तेवढंच पाणी होतं.”

कर्नल लिहीत राहिले. मग त्यांनी वाचून दाखवलं: वादळात अडकलेल्या जवानांना ड्यूटीवरील जवानाने उपलब्ध पाणी पुरवलं, ते दूषित होतं, आजार नोकरीमुळेच झालेला आहे. त्यांनी सही केली आणि कागद शेजारी सरकवला. दुसऱ्या डॉक्टरने सही केली. तरुण डॉक्टर काही बोलणार होता, पण त्याचं लक्ष ज्ञानदेवच्या तोंडाकडे गेलं. ज्ञानदेव “जय हिंद, साहेब” म्हणाला, तेव्हा शब्दांबरोबर त्याच्या ओठांतून पांढरी वाफ बाहेर पडली.

तरुण डॉक्टरने मुकाट्याने सही केली, उठून भिंतीपाशी गेला आणि पंखा बंद केला. बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं. पंखा का बंद केला, असं खोलीतल्या कोणीच त्याला विचारलं नाही.