रिकाम्या बॅगांचे मुसाफिर

स्टेशनासमोर माझं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानाच्या बरोबर समोर कारभारीमामांचं ‘मुसाफिर टी रूम’. सून त्यांना मामा म्हणते, म्हणून सगळं स्टेशन मामा म्हणतं. चहासाठी रस्ता ओलांडायचा, एवढाच माझा प्रवास. पण त्या हॉटेलात माझ्यासारखीला मान नाही. तिथं मान फक्त मुसाफिराला.

ही पद्धत मामांच्या आजोबांची. निजामाची रेल्वे इथं नवी नवी आली, तेव्हा ते देवगाव रंगारीहून म्हशी घेऊन आले आणि स्टेशनाबाहेर चहा विकू लागले. वेरूळ बघायला आलेले साहेबलोक, हैदराबादचे अंमलदार टांगा जुंपेपर्यंत तिथं टेकायचे. हमाल आणि टांगेवाले सामानावरून भांडायचे, त्या गडबडीत एखादी पेटी गायबही व्हायची. म्हणून आजोबांनी नियम केला की मुसाफिराचं सामान मालक स्वतःच्या हातानं उचलून आत ठेवणार. मग मुसाफिराला चहा, आणि गावातल्या माणसांना त्याच्या मागून. टांगे गेले, साहेब गेले, नियम राहिला. मी मेली इतकी वर्षं तिथं मागून मिळालेला चहा पितेय.

गेल्या दिवाळीनंतर मामांनी सांगून टाकलं, गुढीपाडव्याला हॉटेल बंद. मुलानं, सत्यमनं, बजाजनगरला फ्लॅट घेतलाय, सगळ्यांनी तिकडं जायचं. कारण विचारलं तर म्हणाले, मुसाफिरच येत नाहीत. ते खोटं नव्हतं. लोक गाडीतून उतरतात, मोबाईलवर कॅब बोलावतात आणि थेट वेरूळ गाठतात.

सगळ्यात मोठा फटका बसणार होता तो सुकेशनीला. सुकेशनी म्हणजे मामांची सून. लग्न होऊन आली तेव्हापासून भट्टी तिच्याकडे, आणि चहा असा करते की मी मागून का होईना, पण रोज पिते. मी चालवते हॉटेल, असं ती मामांना म्हणाली होती. चहा करशील, गल्ला सांभाळशील, पण सामान कोण उचलणार, असं मामांनी विचारलं. घरच्या सुनेनं परक्यांची ओझी उचलायची का? तिथंच विषय संपला. सत्यम बापासमोर तोंड उघडत नाही. मला दोघांचाही राग आला आणि तो मी दोघांच्याही कानावर घातला. उपयोग शून्य.

मग गोकुळ रिक्षावाल्यानं डोकं चालवलं. मुसाफिर येत नाहीत ना, मग आपण आणू. त्याचे मेहुणे, चुलते, चिकलठाण्याच्या कंपनीतून रिटायर झालेला इंद्रजीत आणि त्याचे रिकामटेकडे दोस्त, सगळे तयार झाले. बॅगा माझ्या. विकायच्या बॅगांत मी रद्दीचे बोळे कोंबून ठेवते, म्हणजे वजन नसतानाही त्या फुगलेल्या दिसतात. सकाळची काचीगुड्याची गाडी आली की दोघं-तिघं त्या घेऊन स्टेशनातून बाहेर पडायचे. इंद्रजीतचा साडू तर नांदेडचा व्यापारी झाला आणि उन्हात मफलर गुंडाळून बीबीच्या मकबऱ्याचा रस्ता विचारू लागला. तो राहतो मकबऱ्याच्या मागेच.

पहिल्या दिवशी मी दुकानाच्या दारात जीव मुठीत धरून उभी होते. मामांनी बॅग उचलली, क्षणभर थांबून हाताकडं बघितलं. मग दुसऱ्या हातानं दुसरीही उचलली आणि दोन्ही आत नेल्या. मला वाटलं, म्हाताऱ्याला कळलंय आणि तो आपल्याला सांभाळून घेतोय. आम्ही सगळे स्वतःवर खूश झालो.

आठवडाभरानं मामा माझ्या दुकानात आले. चेहरा उजळलेला.

“भामा, खांदा सुधारला बघ,” ते म्हणाले. “दिवाळीपासनं बॅग उचलंना झाली व्हती. कुणाला सांगितलं नाय, लाज वाटायची. म्हनलं, बंदच करावं. आता दोन-दोन उचलतोय.”

जन्मभर ओझी उचललेल्या माणसाला एवढं कळू नये? पण हवं असलेलं माणसाला लगेच पटतं. हे थांबवू या, असं मी गोकुळला सांगितलं. थांबवलं तर उद्याच कुलूप लागेल, असं तो म्हणाला. सुकेशनीला विचारलं तर ती नुसती रडली. मग तसंच चालू राहिलं. मामांनी खांद्याला तेल लावणं सोडलं आणि पाडव्याचं नाव काढणंही सोडलं. ते खूश दिसले की मला वाईट वाटायचं.

एका सकाळी खरे मुसाफिर आले. निजामाबादचं वयस्कर जोडपं, वेरूळ बघून पुढं नाशिकला लेकीकडं निघालेलं. बॅगेत लेकीसाठी लोखंडी खलबत्ता होता. मामांनी रोजच्यासारखा एक हात घातला. बॅग हलली नाही. दोन हात घातले. ती वीतभर वर आली आणि मामा बॅगेसकट दारातल्या बाकड्यावर कोसळले.

गोकुळ धावला. मामांनी हातानंच त्याला अडवलं. उजवा खांदा धरून ते उठले, आत गेले आणि त्या सकाळी मुसाफिर बनून आलेल्या गोकुळच्या मेहुण्याची बॅग उचलली. मग तिची चेन उघडून आतली रद्दी बाहेर काढली. तोवर मी रस्ता ओलांडून आले होते.

“समद्यांना ठावं व्हतं?” त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

“व्हय, मामा,” सुकेशनी म्हणाली. “मलाबी.”

मामा खाली बसले. आम्ही सगळे जमिनीकडं बघत उभे. त्या मुसाफिर बाईंना कशाचाच पत्ता नव्हता. बॅग राहू द्या दारातच, आम्ही बाहेर उभ्यानंच चहा घेतो, असं त्या हिंदीत म्हणाल्या. त्या हॉटेलातून मुसाफिर कधी बाहेर उभ्यानं चहा पिऊन गेलेला नाही.

सुकेशनीनं पदर खोचला. भट्टीमागून बाहेर आली, बॅगेच्या हँडलवर हात ठेवला आणि तशीच थांबली. उचलायला ती घाबरत नव्हती. ती मामांकडं बघत होती. तिला परवानगी आमच्या कुणाची नको होती, त्यांची हवी होती.

मामांनी तिच्या हाताकडं बघितलं.

“सामान मालकाच्या हातानंच आत जातंय इथं,” ते म्हणाले. “उचल.”

तिनं दोन्ही हातांनी बॅग उचलली. जड होती, दोनदा तोल गेला, पण कुणी पुढं झालं नाही. तिनं ती आत नेऊन ठेवली. भट्टीवर दूध वर येत होतं. मामा उठले, तिच्या जागी जाऊन उभे राहिले आणि डाव्या हातानं पातेलं उतरवून मुसाफिरांचा चहा करू लागले.