चौथा टाका

त्या डॉक्टरीणबाईंना शिवता येत नाही, हे मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. माझ्या नातीच्या नडगीवर पाच टाके, त्यातला चौथा असा ओढलेला की कातडीला चुणी पडलेली. चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवतेय. असलं काम गिऱ्हाइकाने माझ्या तोंडावर फेकलं असतं.

सुनेला हे सांगितलं, तर बाईसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आई, तुम्ही त्या पायाला हात लावायचा नाही." दोन दिवस कोरडं ठेवा, मग साबण-पाण्याने हलकं धुवा, टिपून घ्या, दहाव्या दिवशी टाके काढू, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम. धुणार सून, टिपणार सून. मी आपली परकी. पण ती कामावर गेली की पोर असायची माझ्याचपाशी. शेजारच्या स्टुलावर बसून सुईत दोरा ओवून द्यायची. मला हल्ली नेढं दिसत नाही.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आजी, इथे ओढल्यासारखं होतंय." मग मला कुठलं राहवतंय. मशीनवरची कात्री कपड्याला पुसली, चौथा टाका कापला आणि दोरा ओढला. आला तेवढा आला. "आईला सांगू नकोस," म्हटलं.

सातव्या दिवशी तिच्या जांघेत सुपारीएवढी गाठ. पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच डॉक्टरीणबाईंकडे मीही बरोबर गेले.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. जखम एका जागी उघडली होती, आत पू. त्यांनी चिमट्याने दोऱ्याचा तुकडा बाहेर काढला. "गाठ या जखमेमुळेच आलीय. औषध देते. जखम भरली की हळूहळू उतरेल. चोळू नका, शेकू नका. वाढली किंवा ताप आला तर लगेच या. पण हा टाका तुटला कसा?"

"मीच खाजवलं," नात म्हणाली.

"घरी लक्ष असतं की नाही तुमचं?" डॉक्टरीणबाई सुनेवर घसरल्या. सून मान खाली घालून ऐकत राहिली आणि मी मूग गिळून बसले. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं.

घरी आल्यावर सुनेने पोरीचं मनगट धरलं. "खोटं का बोललीस?"

पोर माझ्याकडे बघेना. तेव्हा मात्र मी म्हटलं, "सोड तिला. मी कापला."

"माहीत आहे," सून म्हणाली. "कापलेला दोरा आणि तुटलेला दोरा वेगळा दिसतो, तुम्हीच शिकवलंत मला. तुम्ही तिथे बोलता का, ते बघत होते." आवाज जराही चढला नव्हता. "सुईत दोरा ओवता येत नाही तुम्हाला, आणि माझ्या पोरीच्या पायाला कात्री लावलीत. उद्यापासून ती शाळेतून माझ्या आईकडे जाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बटणं लावायला बसले. दोरा ओला केला, पिळला, सात-आठदा नेढ्याशी नेला. मग सवयीने सुई-दोरा शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे केला. सुई तशीच बिनदोऱ्याची कपड्यात टोचली आणि बटणं परत डबीत भरली.