सासूबाई मागच्या सीटवर

लग्नाला सहा वर्षं झाली तरी सितुमाने सासूचं तोंड धड पाहिलं नव्हतं. रीतच तशी. सासू वाटेत दिसली की जावयाने पाठ फिरवायची, नाहीतर सरळ मक्याच्या शेतात शिरायचं. बोलणं तर लांबच. सितुमा बाकी कशात नाही, पण यात पक्का होता.

किमिलिली ते बुंगोमा तो मटाटू चालवायचा. चौदा माणसांची गाडी, त्यात वीस भरलेली. आत एक कागद चिकटवला होता : ‘ड्रायव्हर बेफाम हाकत असेल तर गप्प बसू नका, बोला!’ अपघात कमी व्हावेत म्हणून कुणी रस्ता-सुरक्षेवाले लावून गेले होते. वाचायचे सगळेच. एकदा एका मास्तरांनी तोंड उघडलं, तेव्हा कंडक्टर कुंडू म्हणाला, “मास्तर, बैलगाडी बघा की!” सगळे हसले. मास्तरही हसले.

त्या बाजाराच्या दिवशी कुंडूने एका बाईला कोंबडीसकट ड्रायव्हरच्या मागे बसवलं. गाव मागे पडल्यावर ती खोकली. सितुमाने आरशात पाहिलं. नांजाला. बायकोची आई. तिनेही त्याच क्षणी मान खाली घातली.

सितुमाने आरसा छताकडे फिरवला. आता त्याला मागचं काहीच दिसेना. ही लाज लवकर संपवायला एकच उपाय त्याला सुचला. त्याने गाडी दामटली.

उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक मागे पडू लागले. एका वळणावर समोरून लॉरी आली आणि मटाटू कशीबशी दोन ट्रॅक्टरांच्या मधे घुसली. कोंबडी ओरडली.

“कंडक्टर,” नांजाला म्हणाली, “जो कोणी गाडी चालवतोय ना, त्याला सांग, हळू चालव.”

“मावशी, त्याला ऐकू गेलं की.”

“जाऊ दे ऐकू. मी त्याच्याशी बोलत नाहीये.”

सितुमा समोर बघत म्हणाला, “कुंडू, मागे जे कोणी बसलेत त्यांना सांग, मला घाई आहे.”

“त्याला विचार, कसली घाई? पोरगी विधवा करायची?”

“कोणाची पोरगी?” कुंडूने विचारलं. मग त्याने नांजालाकडे पाहिलं, फिरवलेल्या आरशाकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “अरे देवा! सासूबाई!”

गाडीत कुजबुज झाली. मग मागून एक बाई ओरडली, “ए, आरसा सरळ कर आधी!” दुसरी म्हणाली, “थांबव, आम्ही उतरतो.” सुरुवात कोणीतरी केल्यावर मग सगळ्यांनाच कंठ फुटला. सितुमाला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आरसा सरळ केला तर सासू दिसणार, नाही केला तर मागची गाडी दिसणार नाही. यावर वाद झाला. शेवटी नांजालाने खांद्यावरचं लेसोचं कापड डोक्यावरून तोंडावर ओढून घेतलं आणि आतून म्हणाली, “त्याला सांग, आता मी इथे नाहीये.”

बुंगोमापर्यंत एकाही ट्रॅक्टरला त्याने ओलांडलं नाही. सायकलवाले पुढे गेले.

घरी बायको नेलिमाने त्याला फैलावर घेतलं. सितुमा म्हणाला, “मी तुझ्या आईशी अवाक्षर बोललो नाही. कुंडू साक्षीला आहे.” गावातली म्हातारी मंडळी निवाड्याला बसली, त्यांनी कुंडूला बोलावलं, आणि बराच खल करून बोलणं झालंच नाही असं ठरवलं.

पण लेसो ओढल्यावर गाडी हळू झाल्याची बातमी बाजारात पसरली होती. पुढच्या आठवड्यात आरशात लेसो तोंडावर ओढलेली एक बाई दिसली. सितुमाचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठला. त्यानंतरच्या फेरीत तशा तिघी होत्या.

“कुंडू,” तो हळूच म्हणाला, “यातली आपली कोणती?”

“मला काय ठाऊक? विचारू?”

“नको,” सितुमा म्हणाला, आणि त्याने गियर खाली टाकला.