समानही नव्हे, असमानही नव्हे

बुधवार, दिनांक ९ फेब्रुवारी १९८३ रोजी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, अंधेरी पूर्वेस साकीनाक्याच्या एका गाळ्यातील छापखान्यात, तेथील अक्षरांचे खिळे जुळविणारे सर्वांत जुने जुळारी दत्ताराम परब एक गणिती चिन्ह चौथ्यांदा घडविण्यास बसणार होते. प्रत्यक्षात ते चहा पीत बसले होते.

प्राध्यापिका अनुपमा गोगटे यांच्या ग्रंथात एक नवाच संबंध होता : दोन राशी समान नाहीत, परंतु असमान आहेत असेही सिद्ध करता येत नाही. या संबंधाला जगात चिन्ह नव्हते. ते दत्तारामांनी शिशाच्या खिळ्यावर कानस चालवून निर्माण करायचे होते. पहिले चिन्ह बाईंना मासे पकडण्याच्या गळासारखे वाटले, दुसरे मिशीसारखे. तिसरे त्यांनी नुसतेच परत केले, आणि हेच दत्तारामांना अधिक झोंबले.

एवढ्यात मालक चंद्रप्रकाश घाम पुसत आत आला.

"काका, वाट लागली! बाई बारा वाजता येतायत. आज पसंत नाही पडलं तर पुस्तक घाटकोपरला जाणार, बिनखिळ्यांच्या फोटोटाइपवाल्याकडे. मग गणिताचे खिळे मी भंगारात काढतो. तुम्ही आहात आणि लग्नपत्रिका आहेत!"

लग्नपत्रिका! ज्या हातांनी सत्तावीस वर्षे घातांक आणि वर्गमुळे जुळविली, त्या हातांनी आता 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' जुळवायचे?

"होतलां, शेठ, होतलां," दत्ताराम म्हणाले.

"तीन दिवस हेच ऐकतंय मी," वापरलेले खिळे खान्यांत परत टाकणारी जानकी म्हणाली. "चाय तेवढी वेळेवर होता."

दत्तारामांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले आणि बाकीच्या पानाचे तरी प्रूफ काढून ठेवले. जे चिन्ह हाताशी नाही त्याच्या जागी कोणताही खिळा डोक्यावर उभा करायचा, ही जुळाऱ्यांची जुनी रीत. खिळ्याच्या बुडाला मध्ये खाच असते, त्यामुळे कागदावर दोन जाड, आडवे, काळे पट्टे उमटतात आणि येथे काहीतरी यायचे आहे हे साऱ्या छापखान्याला कळते. साऱ्या छापखान्याला, प्राध्यापकांना नव्हे.

बाई अकरालाच आल्या आणि त्यांनी ओले प्रूफ उचलले.

"हेच!" त्या जवळजवळ ओरडल्या. "बरोबरचंच चिन्ह, पण कसं दाट, अडून बसलेलं! किती वेळ लागला हो कोरायला?"

दत्तारामांनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि परत चढविला.

"तीन दिवस, बाई. हात भरून आला."

जानकीला ठसका लागला.

"एक खिळा बघू."

"नको बाई, नाजूक असतो. हवा लागते."

"शिशाला?"

"गणिताच्या शिशाला लागते."

"दाखवा की, दत्तारामानू!" जानकी गोड आवाजात म्हणाली. "बाई एवढ्या मुलुंडवरून आल्या."

बाईंनी वाट पाहिली नाही. टेबलावरच्या जुळणीतला त्या चिन्हाचा एक खिळा त्यांनी चिमट्याने उपसला आणि उलटून पाहिला. दुसऱ्या टोकाला ठसठशीत 'ढ' होता.

चंद्रप्रकाश खुर्चीत बसला.

दत्तारामांना उमगले, की आता खोटे बोलण्यात राम नाही. उरला तो युक्तिवाद.

"बाई, खरंच कोरलेली तीन तुम्ही नाकारलीत. हे मी कोरलं नाही म्हणूनच चांगलं निघालं. यात माझा काय अपराध?"

बाईंनी खिळ्याकडे पाहिले, प्रूफाकडे पाहिले, मग दत्तारामांकडे. खिळा त्यांनी होता तसाच, बूड वर करून, जागेवर बसविला आणि चंद्रप्रकाशाकडे वळल्या.

"चिन्ह पसंत आहे. पुस्तक इथेच छापायचं, आणि जुळणी हेच करतील."