बटणाबटणाला कुंकू

मी एक कॉम्प्युटर बोलतोय. बसा निवांत. घाईत असणाऱ्याला माझी गोष्ट जमायची नाही, कारण मला नुसतं सुरू व्हायलाच एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात शाळेतल्या बाईंची अख्ख्या वर्गाची हजेरी घेऊन व्हायची.

जन्म कुठं झाला ते ठाऊक नाही. डोळे उघडले ते जालन्यात, बियाण्याच्या एका कचेरीत. कपाशीच्या पिशव्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या मी दिवसभर तयार करायचो. काम इमानानं केलं, पण माझ्याकडं बघून कधी कोणी हसलं नाही. माणूस माझ्यासमोर बसला की त्याच्या कपाळाला आठ्या. मला वाटायचं, आपलं तोंडच तसं असेल.

दोन हजार साल उलटलं, कचेरीत नवे कॉम्प्युटर आले अन् मी जिन्याखाली गेलो. तिथं मला सत्यशीलाबाईंनी पाहिलं. त्यांचा भाऊ त्या कचेरीत कामाला, अन् बाई घनसावंगीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. बाईंनी भावाला विचारलं, भावानं साहेबाला विचारलं, अन् मी शाळेचा झालो.

बाईंनी मला एसटीनं नेलं. माझं धड, म्हणजे तो पत्र्याचा डबा, पायापाशी, अन् माझं डोकं, म्हणजे ते काचेचं मोठं खोकं, गोधडीत गुंडाळून मांडीवर. अंबडला एक मावशी चढल्या. गोधडीकडं बघून म्हणाल्या, "माय, लेकराचं तोंड तर मोकळं ठेव. गुदमरंल की."

"लेकरू न्हाई मावशी, कॉम्प्युटर हाये. शाळंचा."

"आस्सं! मंग खिडकीपाशी घे त्याला. पहिल्यांदाच चाल्ला आसंल, मळमळंल."

सगळी गाडी हसली. माणसं माझ्यापाशी हसली ती तिथं पहिल्यांदा. तेव्हाच मनात आलं, बरं झालं जालना सोडलं.

शाळेत काकासाहेब गुरुजी मुख्याध्यापक होते. माणूस लई चांगला, पण भिणारा. त्यांनी नारळ फोडला, मला हार घातला, मखमलीचा कपडा टाकला अन् खोलीला कुलूप लावलं. पोरांनी चपला बाहेर काढून रांगेनं यायचं, गुरुजी कपडा वर उचलतील तेवढा वेळ बघायचं, अन् निघायचं. काही पोरं तर हात जोडायची.

"गुरुजी, पोरांना हात लावू द्या त्याला," बाई म्हणायच्या.

"अन् बिघडला मंग? जाब कोण देईन?"

"देवळातल्या देवालासुद्धा पोरं हात लावत्यात, गुरुजी."

"देव बिघडत न्हाई, बाई."

अशानं उन्हाळा गेला, पाऊसकाळ आला, अन् मी कपड्याखाली बसून राहिलो.

पोळ्याच्या सुमाराला निजामोद्दीन साहेब आले. शाळा तपासायला तालुक्याहून यायचे ते हे साहेब. त्यांनी स्वतःच्या हातानं कपडा उचलला, बटणांवरची धूळ बघितली अन् गुरुजींना म्हणाले, "मशीन आहे का मजार आहे ही? दसरा झाला की दुसऱ्या दिवशी येतो मी. पोरं स्वतःच्या हातानं चालवत असतील तर राहील. न्हाई तर मोठ्या शाळेला देतो. तिथं कदर होईल."

गुरुजींनी त्याच दिवशी किल्ली बाईंच्या हातावर ठेवली. म्हणाले, "गावाची इज्जत हाये बाई. आता तुम्हीच बघा."

मंग माझे खरे दिवस सुरू झाले.

मी एकटा अन् पोरं वर्गभर. पहिल्या दिवशीच मच्छिंद्रानं माऊस धरला तो सोडीनाच. हे पोरगं म्हणजे वर्गातलं सगळ्यात मोठं तोंड. अन् हसीना, फकरोद्दीन सायकलवाल्याची लेक, मागं भिंतीला टेकून उभी. तिच्या घरी उर्दू, शाळेत मराठी, अन् माझ्या पडद्यावर इंग्रजी. ती बिचारी बोलतच नसायची.

शाळा सुटल्यावर बाई माझ्यासमोर बसायच्या अन् माझ्याशीच बोलायच्या. "तुला आणलं तवा वाटलं होतं, तू आलास की शिकवणं सोपं होईल. कशाचं सोपं? जे पोरगं आधीपासून पुढं, ते आणखीन पुढं गेलं. मागची तर मागंच ऱ्हायली. मंग फळ्यानं काय वाईट केल्तं माझं?"

मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं, बाई, माझा यात काय गुन्हा? पण बाई नुसत्या कुरकुरणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कायदाच केला. जो माऊस धरील त्यानं बोलायचं नाही, अन् जो सांगंल त्यानं हात लावायचा नाही. जोडीजोडीनं बसायचं. मच्छिंद्राची जोडी त्यांनी हसीनाशी लावली. मच्छिंद्र हात चालवायला तयार, पण हसीना बोलल्याशिवाय त्याला हलता येईना. कळवळून म्हणायचा, "बोल की गं! माझा नंबर चालला!" तवा कुठं तिचं तोंड उघडलं.

लाईटीचं तर विचारूच नका. सकाळी असायची, दुपारी जायची. म्हणून बाईंनी व्हरांड्यात गेरूनं भली मोठी बटणांची पाटी ओढली, हुबेहूब माझी. एकेक चौकोन एका पायाचा. लाईट गेली की पोरं व्हरांड्यात. बाई शब्द सांगायच्या अन् पोरं त्या त्या अक्षरावर उड्या मारायची. बाई हसून म्हणायच्या, "लाईट जाती तवाच माझा तास रंगतो." मला जरा लागायचं ते. पण आतून ऐकत बसायचो, अन् खरं सांगू, त्या धपाधप उड्या ऐकून अभिमानच वाटायचा. उड्या तर माझ्याच अंगावर चालल्या होत्या.

दसरा जवळ आला. पोरं तयार झाली होती. बाई निवांत होत्या.

अन् खंडेनवमी उजाडली.

आपल्याकडं त्या दिवशी अवजारांची पूजा करतात, हे तुम्हाला सांगायला नको. नांगर, विळा, शिलाईची मशीन, सगळ्यांना कुंकू लावायचं अन् दसऱ्यापर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या चतुराबाईंनी आधी आपल्या पातेल्याला, झाऱ्याला कुंकू लावलं. मंग माझ्याकडं आल्या. कपाळ समजून काचेला टिळा लावला, अन् खाली बटणं बघून थबकल्या. स्वतःशीच म्हणाल्या, "एकीला लावलं अन् दुसरीला न्हाई, आसं कसं? रुसत्यान की."

अन् त्यांनी ओल्या बोटानं बटणाबटणाला हळदीकुंकू लावलं. एकही सोडलं नाही. वरून अक्षता टाकल्या, तांब्यातलं पाणी शिंपडलं. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता. मी फुलून गेलो होतो.

दोन दिवस मला कोणी हात लावला नाही. रीतच ती. साहेब यायचे त्या सकाळी बाईंनी बटण दाबलं. दबेना. दुसरं दबलं ते वर येईना. फटीफटीत कुंकू वाळून दगड झालं होतं, मधे तांदूळ अडकलेले.

चतुराबाई रडायला लागल्या. "बाई, मी देवासारखं केलं, अन् घात झाला वं!"

गुरुजी कपाळाला हात लावून बसले. "जाईन आता मशीन. साहेबाला काय सांगावं?"

बाई चतुराबाईंना एका शब्दानं बोलल्या नाहीत. "रडू नका मावशी, चमचा आणा," एवढंच म्हणाल्या. चमच्याच्या दांड्यानं त्यांनी माझं एकेक बटण उपटलं. पोरांनी काडीनं फटी कोरल्या. चतुराबाईंनी बटणं पातेल्यात धुतली. बाईंनी ती बराबर ओळीनं सुपात मांडली अन् चतुराबाईंना सांगितलं, "एवढं उन्हात ठिवा."

चतुराबाईंनी सूप उचललं. हयात गेली सूप धरण्यात. हाताला काय कळतंय? सवयीनं त्यांनी दोनदा सूप पाखडलं!

सगळी बटणं उधळून एक झाली. अन् त्याच वक्ताला फाटकात जीप वाजली.

निजामोद्दीन साहेब व्हरांड्यात आले. सुपात माझी बटणं, टेबलावर मी बोडका. साहेब म्हणाले, "काय हो गुरुजी, मशीनचे दात पाडले का काय?"

गुरुजींनी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "खंडेनवमीची पूजा झाली साहेब. कुंकू अडकलं. धुतली हायेत. पोरं बसवत्यान."

"पोरं बसवतील?"

"बघा तुम्ही."

मला जे वाटत होतं ते सांगता यायचं नाही. साहेबांनी आता परत फिरायचं म्हटलं असतं तर त्याच जीपमधून मी गेलो असतो. पण ते कठड्यावर बसले.

हसीना गेरूच्या पाटीपाशी उभी राहिली. मच्छिंद्रानं सूप घेतलं. ती सांगायला लागली, "वरच्या ओळीत पहिलं क्यू. त्याच्याजवळ डब्ल्यू." मच्छिंद्र चौकोनात एकेक बटण ठेवत गेला. बाकीची पोरं ते उचलून माझ्यावर दाबायची. टक्क, टक्क. खालच्या ओळीतली गेरूची अक्षरं उड्यांनी पुसली होती, तिथं मच्छिंद्र अडला. "आधी एम हाये."

"एन आधी."

"एम!"

"रोज उडी मारती मी तिथं. माझ्या पायाला विचार," हसीना ठणकावून म्हणाली. तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मच्छिंद्रानं गुपचूप एन ठेवलं.

शेवटचं बटण बसलं. लाईट जायच्या आत बाईंनी मला सुरू केलं. साहेब उठले. "पोरं चालवतात, ते कळलं मला. गुरुजी, तुम्ही कधी हात लावला का?"

गुरुजी जमिनीकडं बघायला लागले. तेव्हा हसीनाच म्हणाली, "गुरुजी, बसा. मी सांगती, तुम्ही दाबा."

गुरुजींनी बोट धोतराला पुसलं. हसीना सांगत गेली, गुरुजी दाबत गेले. एकेक अक्षर उमटत गेलं अन् पडद्यावर त्यांचं नाव उभं राहिलं. गुरुजी बघत राहिले. मंग लहान पोरासारखे हसले. "बिघडला न्हाई की!"

साहेब म्हणाले, "मशीन बिलकुल हलवायची न्हाई. उलट मोठ्या शाळेतल्या मास्तरांनाच मी इकडं पाठवतो, बघायला." अन् खरंच पाठवले. ते मास्तर लोक व्हरांड्यात बूट काढून उड्या मारत होते, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय.

पुढं बरीच वर्षं गेली. बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी माझ्या काचेवरून पदर फिरवला अन् म्हणाल्या, "तुझ्यामुळं न्हाई शिकली पोरं. पण तू कधी कशाला 'न्हाई' म्हणाला न्हाईस." एवढी शाबासकी मला बस झाली.

आता शाळेत सपाट तोंडाचे नवे कॉम्प्युटर आलेत. माझा पडदा उजळत नाही, पोटात घरघर होते. मला कोपऱ्यात ठेवलंय. दुःख नाही. एवढ्या बोटांनी मला झिजवलं की काही बटणांवरची अक्षरंच पुसून गेलीत. असं झिजणं किती जणांच्या नशिबात असतं?

एकच मागणं आहे. परवा चार पोरं माझ्यापाशी येऊन, माझ्या पाठीमागचे स्क्रू मोजून गेली. नव्या मास्तरांनी हाकललं त्यांना. मास्तर, ती परत येतील. आली की त्यांच्या हातात पेचकस द्या अन् खुशाल उघडू द्या मला. एवढ्या वर्षांत मी आतून कसा आहे, हे अजून कोणी बघितलेलं नाही.