काटोलचा राजा उडाला तेव्हा मी लाइनवर होतो

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. रंगाने काळा, अंगाने जड आणि स्वभावाने गंभीर.

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर एका माणसाने माझ्या तोंडाशी तोंड आणून "हॅलो" म्हटले. ते पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ऐकू गेले आणि मी पास झालो. परीक्षा एवढी सोपी असूनही माझ्या बरोबरचे काही जण नापास झाले. त्यांचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही. आमच्यात स्वतःहून काही विचारायची सोय नसते.

१९७३ साली मी नागपूरला, धरमपेठेत मनोहररावांच्या घरी आलो. मनोहरराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी माझ्यासाठी अर्ज केला तेव्हा त्यांची मुलगी तारा शाळेत शिकत होती. मी आलो तेव्हा ती शाळेत शिकवत होती. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लावले आणि पुढ्यात साखर ठेवली. मी काही ती खाल्ली नाही. मुंग्यांनी खाल्ली, आणि पुढे काही दिवस जो कोणी माझ्यावर बोलला त्याच्या कानाला मुंग्या चावल्या. सगळी गल्ली मला बघायला आली. समोरच्या इंदुताई बहिणीला फोन करायला म्हणून आल्या, त्या पुढे रोजच येत राहिल्या.

माझा बहराचा काळ तो. पण मित्रांनो, माझे खरे काम सुरू झाले ते वच्छलामुळे.

वच्छला ही ताराची मैत्रीण. शेतकऱ्याच्या घरची, कॉलेजसाठी नागपूरला आलेली आणि ताराच्याच खोलीत राहिलेली. दोघी खाटेवर पट मांडून बुद्धिबळ खेळत आणि खेळापेक्षा जास्त बोलत. मग वच्छलाचे लग्न झाले आणि ती काटोलला गेली. सासरे बापूजी संत्र्यांचे व्यापारी होते. घरातच त्यांची गादी होती आणि गादीवर फोन होता, म्हणून ताराने ट्रंक कॉल लावला. वच्छलानेच तो उचलला.

"कशी आहेस गं?"

"बरी हावो. घरचे सगळे चांगले हायेत वं. फक्त कोणी माझ्याशी बोलून नाही राहिलं."

मागून बापूजींचा आवाज आला. "कोनाचा फोन हाय?"

"मैत्रिणीचा, मामाजी."

"तिले संत्री पायजेत का?"

"नाही."

"मंग ठेव."

फोन ठेवला गेला. माणसे वाईट नव्हती. त्या घरात कामाशिवाय बोलायची रीतच नव्हती, आणि फोनवर तर नव्हतीच. तारा माझ्यावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिली. तिला रडू येईल असे मला वाटले. पण तिने पुन्हा एक्स्चेंजचा नंबर फिरवला आणि काटोल मागितले.

वच्छलाने एकदा सांगितलेले तिला आठवले होते. बापूजी संध्याकाळी एकटेच पट मांडून बसत. काटोलात त्यांच्याशी खेळायला कोणी उरले नव्हते. ते समोरच्याला हरवत, आणि हरवल्यावर तो का हरला हे समजावूनही सांगत. दुसरी गोष्ट अशी की त्यांना फोनवर नीट ऐकू येत नसे.

"धरमपेठ बुद्धिबळ मंडळ काटोलला आव्हान देत आहे!" या वेळी फोन बापूजींनी उचलला होता, म्हणून तारा जीव खाऊन ओरडली.

"किती मेंबर हायेत तुमच्यात?"

"चार!"

त्या वेळी मंडळात तारा आणि मी एवढेच होतो.

"ऐकू नाही येत बराबर," बापूजी म्हणाले. "सुनेले बसवतो फोनवर. दर शनिवारी सांजच्याले लावा."

उरलेले मंडळ ताराने तासाभरात उभे केले. मनोहररावांना अध्यक्ष केले, कारण मी त्यांचा होतो. इंदुताई घरातच होत्या. शेजारचे शरच्चंद्र कॉलेजात गणित शिकवत. त्यांना "काटोलचे म्हणतात, धरमपेठेत कोणाला खेळता येत नाही" एवढे सांगितले, तर ते चप्पल न घालताच आले.

मंडळ काढणे सोपे असते, मित्रांनो. चालवणे अवघड असते. पहिल्याच बैठकीत नियम ठरले. मोहरे सगळ्यांत वाटून घ्यायचे. ज्याचे मोहरे जिवंत, त्यालाच मत. ज्याचे मेले, त्याने चहा करायचा. चहात आले घालायचे की नाही यावर तासभर चर्चा झाली. अध्यक्षांना मंडळाचा शिक्का हवा होता, तो नामंजूर झाला. बुद्धिबळ कोणत्या नियमांनी खेळायचे, हे मात्र कोणी विचारले नाही. बुद्धिबळ म्हणजे बुद्धिबळ, त्यात विचारायचे काय?

या नियमांचा परिणाम असा झाला की कोणी आपला मोहरा घराबाहेर काढेना. शरच्चंद्रांनी दोन्ही हत्ती कोपऱ्यात ठेवून त्यांच्यावर नुसती नजर ठेवली. इंदुताईंचा पहिला उंट मेला तेव्हा त्या दोन दिवस गोड जेवल्या नाहीत. शरच्चंद्र मंडळाचा राजीनामा दर गुरुवारी देत आणि शनिवारी दुपारी परत घेत.

आणि शनिवारी संध्याकाळी ताराने नोंदवलेला कॉल लागला की माझी घंटा वाजे. "काटोल बोला," ऑपरेटर सांगे. कॉल तीन मिनिटांचा. त्यात आपण एक खेळी सांगायची, त्यांनी एक सांगायची. उरलेला वेळ दोघी मैत्रिणींचा. बापूजींना ऐकू येत नसे आणि इकडचे तिघे पटावर भांडत असत.

"वजिरापुढचं प्यादं दोन घरं. आज काय केलंस?"

"झुणका. मामाजी म्हणून राहिले, शहरातले प्यादे लय घाईत असतात. तू साडी घेतली का वं?"

"घेतली. निळी. तुमची खेळी सांग."

"घोडा बाहेर काढला. निळी तुले शोभते."

वच्छलाचा आवाज महिन्याभरात बदलला. आधी तो विहिरीतून आल्यासारखा येई, आता ती हसू लागली होती. मी टेलिफोन आहे. मला पलीकडचे चेहरे दिसत नाहीत, पण आवाजातला फरक माझ्याइतका कोणाला कळणार?

मग थंडीच्या दिवसांत एका शनिवारी ती घाईघाईने म्हणाली, "तारा, डाव लांबव वं. मामाजी म्हणून राहिले, हा डाव संपला का बस. हरलो का जिंकलो, मंग फोन फक्त संत्र्याइचा."

तीन मिनिटे झाली. लाइन कटली. रिसीव्हर ताराच्या हातात तसाच राहिला.

त्या दिवसापासून तारा डाव लांबवू लागली. चांगली खेळी दिसली की ती म्हणे, "यावर विचार करू." कोणी घाई केली की चहा मागे. इंदुताईंचा दुसराही उंट मेला, तेव्हा त्यांचे मत गेले. त्या दिवसापासून त्या जास्त बोलू लागल्या. पण खेळाला लाज नसते, तो पुढे सरकतच राहतो. एका शुक्रवारी शरच्चंद्र पटाकडे बघता बघता उभे राहिले.

"सापडली!" ते म्हणाले. "हा हत्ती इथे आणला की त्यांच्या राजाला हलायला घर नाही. ते काहीही खेळोत, पुढच्या शनिवारी शह आणि मात."

जन्मात पहिल्यांदा ते आपला हत्ती कोपऱ्यातून काढायला तयार झाले होते. त्याला नाही कसे म्हणावे?

तारा म्हणाली, "ही खेळी खेळायची नाही." आणि तिने सगळे खरे सांगून टाकले.

इंदुताई कपबशी हातात धरून उभ्या होत्या. "बाई गं, हे आधी सांगायचं नाही का? माझे उंट तरी वाचले असते!"

"मुद्दाम वाईट खेळायचं?" शरच्चंद्रांचा आवाज चढला. "मग मंडळ कशाला काढलं? भजनं म्हणायला?"

सगळ्यांनी मनोहररावांकडे पाहिले. तीन मते, त्यातले एक त्यांचे. त्यांनी चष्मा पुसला. "तारा, आपण मुद्दाम सोडलं आणि बापूजींना कळलं, तर तो त्या माणसाचा अपमान होईल. तो राग मग कोणावर निघेल? पोरीवरच ना?"

दोन विरुद्ध एक. हत्ती निघाला.

शनिवारी कोणी चहा केला नाही. सगळे माझ्याभोवती बसले. खेळी सांगायची होती ताराने, म्हणजे आपल्या तोंडाने आपली लाइन कापायची होती. घंटा वाजली. तिने रिसीव्हर उचलला.

"हत्ती… वजिराच्या रांगेत. शेवटून दुसरं घर."

"हत्तीच ना?" पलीकडून वच्छलाने विचारले. तिलाही बुद्धिबळ येत होते. मग तिने खेळी मोठ्याने बापूजींना सांगितली. पटावर मोहरा हलवल्याचा आवाज आला. त्यानंतर काहीच नाही. मिनिट असेच गेले. ट्रंक लाइनवर शांतता असली की दुरून खरखर येते, तेवढीच येत होती.

मग वच्छला बोलली. तिचा आवाज चमत्कारिक झाला होता. "तारा, मामाजीनं राजा उडवला."

"म्हणजे?"

"घोड्यावानी. अडीच घर. हत्तीच्या मागं जाऊन बसला."

शरच्चंद्र ओरडले नाहीत. त्यांनी किंकाळी फोडली. "राजा उडतो? राजा? हा काय रानटीपणा आहे!"

आता मित्रांनो, बापूजींना फोनवरचे शब्द नीट ऐकू येत नसत, पण बापूजींचे मला आणि ताराला स्पष्ट ऐकू येई. "आमच्या देशी खेळात उडते एकडाव," ते सांगत होते. "राजाले शह बसला नाही तोवरी उडते. तुमच्या प्याद्यानं दोन दोन घरं उड्या मारल्या, मी बोललो का? का म्हणून राहिला तो मानूस?"

इकडे शरच्चंद्र पट उचलून फेकायच्या बेतात होते. "सांग त्यांना! ही शुद्ध फसवणूक आहे! सामना रद्द!"

ताराने ते पुढे सांगितले नाही. पण शरच्चंद्रांचा आवाज कोणी सांगायची वाट पाहत नव्हता. वच्छलाच्या कानात तो शब्दन् शब्द पोहोचला.

"का म्हणते तो?" बापूजींनी पुन्हा विचारले.

त्या क्षणी मी माझ्या सगळ्या तारा ताणून धरल्या होत्या.

"मामाजी, ते म्हणून राहिले का, असा डाव आम्ही जन्मात पायला नाही."

खोटे नव्हते ते. बापूजी म्हणाले, "खरंच? देशी डाव मालूमच नाही त्याइले?"

"नाही जी. तिकडं कोनाले येतच नाही."

"कोनी शिकवलंच नाही?"

"नाही."

"बिचारे," बापूजी म्हणाले. आता त्यांच्या आवाजात तो गोडवा उतरला होता, जो हरलेल्या माणसाला समजावून सांगताना उतरत असावा. "हे असं फोनवर नाही समजत बाप्पा. तू असं कर. सोमवारच्या बसनं जाय. चार रोज राय तिथं आन् शिकवून ये त्याइले नीट. मंग नवा डाव मांडू. बराबरीचा."

"तीन मिनिटे झाली," ऑपरेटर म्हणाली.

वच्छला आली. सोबत संत्र्यांची करंडी होती. ती आणि तारा माझ्या शेजारी बसल्या आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बोलत राहिल्या. पट उघडलाच नाही. माझ्याकडे कोणी बघितलेही नाही, आणि माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुखाची उपेक्षा होती.

देशी नियम शरच्चंद्रांनी पहिल्या दिवशी दहा मिनिटांत शिकून घेतले. ते गणिताचे प्राध्यापक होते. त्या खेळात आणखी सुधारणा कशा करता येतील, हेही त्यांनी वच्छलाला सांगितले. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझी घंटा वाजली. बापूजींनी स्वतः कॉल लावला होता.

"शिकले का ते?" ते ओरडले. "उद्या पाठवा सुनेले."

ताराने रिसीव्हरवर हात ठेवला आणि सगळ्यांकडे पाहिले. वच्छला करंडीतली संत्री उगाच इकडची तिकडे करत होती. शेवटी शरच्चंद्र उठले. त्यांनी कोटाची बटणे लावली, रिसीव्हर हातात घेतला आणि बापूजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, म्हणजे सगळ्या धरमपेठेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले,

"बापूजी, मला काही कळत नाही! माझं डोकं चालत नाही! अजून आठ दिवस राहू द्या!"

मित्रांनो, आता माझी डायल अडकते आणि कान खरखरतो. मला पुसले नाही तरी चालेल. पण तुमचे कोणी लांब गेले असेल आणि तिकडे त्याच्याशी कोणी बोलत नसेल, तर बोलायला काहीतरी निमित्त काढा. निमित्त कितीही वेडगळ असले तरी चालते. आणि त्यासाठी एखाद्या दिवशी चारचौघांत मठ्ठ ठरायची वेळ आली, तर बटणे लावून उभे राहा.