मागे न सरकणाऱ्या टाचण्या

साहेबांना लहानपणापासून हरता येत नसे. गोट्यांचा डाव अंगावर आला की ते सगळ्या गोट्या खिशात कोंबून घरी पळत आणि आईला सांगत, "जिंकलो!" खिसा भरलेला असे, त्यामुळे आईला ते खरं वाटे. धाकट्या बहिणीने मात्र सगळं पाहिलेलं असे. तिने तोंड उघडलं की दादा तिची वेणी ओढत. माणूस मोठा झाला, गोट्या गेल्या, पद्धत तीच राहिली.

साहेब भाषण उत्तम करत. आवाज भरदार, मान उंच, आणि डोक्यात फारसं काही नसल्यामुळे अडखळण्याचं कारणच नव्हतं. आधी नगरपालिकेत आले, मग मंत्री झाले. शेजारच्या देशाशी सीमेवरून कुरबुर सुरू झाली तेव्हा "दोन आठवड्यांत आटोपतो" असं सांगून त्यांनी युद्ध लावलं आणि त्या गडबडीत स्वतः साऱ्या देशाचे धनी होऊन बसले. लढायला अर्थातच दुसऱ्यांची मुलं गेली. दोन आठवड्यांची तीन वर्षं झाली.

त्यांच्या कचेरीत भिंतभर नकाशा होता. जिथे आपली पलटण, तिथे लाल डोक्याची टाचणी. पलटण हलली की टाचणी हलवायची, इतकं सोपं काम. त्यासाठी एक अधिकारी नेमलेला होता, त्याला सगळे नकाशेवाला म्हणत. त्याच्या आधी जो होता, त्याने एकदा एक टाचणी बोटभर मागे घेतली होती, कारण पलटण खरोखरच मागे आली होती. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ही कोणी सरकवली?"

दुपारपर्यंत तो बिचारा मिठाच्या गोदामावर पहारेकरी झालेला होता. तेव्हापासून त्या खोलीत रिवाजच पडला. टाचणी पुढे सरकायची, मागे कधीच नाही. पलटण मागे आली तर जुनी टाचणी होती तिथेच राहायची आणि नव्या जागी दुसरी टोचायची. एकेका पलटणीच्या दोन टाचण्या झाल्या, तीन झाल्या. साहेब त्या गर्दीकडे कौतुकाने बघत आणि म्हणत, "सैन्य वाढतंय!" भोवतालचे सगळे माना डोलावत.

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण पावांचे आणि दारूगोळ्याचे ट्रक याच नकाशावरून निघत. ट्रक टाचणीपर्यंत जाई आणि तिथे शत्रू बसलेला असे. आपली मुलं उपाशी राहिली आणि शत्रूचे शिपाई आपले पाव खाऊन गुबगुबीत झाले.

साहेबांची बहीण इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होती. भाऊ एवढा मोठा झाला तरी तिने ते काम सोडलं नव्हतं. त्याच्या बंगल्यात गुदमरायला होतं, असं ती म्हणे. तिचा एकुलता एक मुलगा नदीपलीकडे, पुलाच्या गावात लढत होता. एके दिवशी त्याच्याच पलटणीतला एक हवालदार पाय गमावून इस्पितळात आला. त्याची चादर बदलता बदलता तिने मुलाची चौकशी केली.

"जिवंत आहे, मावशी," हवालदार म्हणाला. "पण पूल उडवलाय त्यांनी. तीन बाजूंनी वेढा आहे. होड्या शिल्लक आहेत तोवर नदी ओलांडता येईल. पण हुकमाशिवाय मागे आलं तर आपलेच लोक गोळ्या घालतात. हुकूम तेवढा यायला हवा."

ती तशीच निघाली. साबणाने सुरकुतलेले हात पदराला पुसत साहेबांच्या खोलीत शिरली.

"दादा, एक सही हवी. पुलाच्या गावातली पलटण मागे बोलव."

"मागे? अगं, तिथे तर आपण जिंकतोय. बघ की, तीन पलटणी आहेत."

"एकच आहे, आणि तीही निम्मी. पूल पडलाय, दादा."

"कोण म्हणतं?"

"तिथे पाय सोडून आलेला माणूस म्हणतो."

"जखमी माणसं निराशच बोलणार." साहेब नकाशेवाल्याकडे वळले. "काय हो, पूल आहे ना?"

नकाशेवाल्याने चष्मा पुसला आणि नकाशा निरखून पाहिला. "काढलेला आहे, साहेब. काळ्या शाईने."

"झालं तर मग!"

"अरे, तुझा भाचा आहे तो! कडेवर घेऊन मिरवायचास त्याला."

"म्हणूनच तर! माझाच भाचा मागे आला तर लोक काय म्हणतील मला?" साहेबांनी खण उघडून एक चकचकीत पदक काढलं. "हे घे. शौर्याचं आहे. पोराला अभिमान वाटेल."

"हे धरून नदी पोहता येते का?"

"तुझं हे असंच. लहानपणापासून माझं चांगलं बघवत नाही तुला."

बहिणीने पदकाला हात लावला नाही. ती निघून गेली. चार दिवसांनी शत्रूने होड्या जाळल्या आणि मुलाची पत्रं यायची थांबली.

उन्हाळा संपता संपता तोफांचे आवाज राजधानीत ऐकू येऊ लागले. साहेबांनी रेडिओवरून गर्जना केली, "शेवटच्या श्वासापर्यंत मी याच खोलीत उभा राहीन!" आणि लगेच बॅगा भरायला घेतल्या. पळायचं ठरलं होतं. कुठे, एवढाच प्रश्न होता. ते नकाशापुढे उभे राहिले. तोफांपासून सगळ्यात लांब आणि टाचण्यांची सगळ्यात जास्त गर्दी कुठे? पुलाच्या गावात.

"तिथे जातो मी. आपल्या तीन पलटणी आहेत. रस्ता मोकळा आहे ना?"

नकाशेवाल्याने पुन्हा चष्मा पुसला. खरं बोलायची ही शेवटची संधी होती, पण मिठाचं गोदामही त्याच्या डोळ्यांपुढे होतं.

"नकाशावर मोकळा आहे, साहेब."

गाडी निघाली. नदीवर लाकडाचा नवाकोरा पूल होता. तो शत्रूने बांधला होता. "बघ, पूल आहे की!" साहेब ड्रायव्हरला म्हणाले.

पलीकडे गेल्यावर ड्रायव्हरने वेग कमी केला. "साहेब, पाट्या त्यांच्या लिपीत आहेत."

"आपल्या पोरांनी मुद्दाम लावल्या असतील. शत्रूला चकवायला. चल पुढे!"

नाक्यावर शिपायांनी गाडी अडवली. साहेब तावातावाने खाली उतरले. सलाम का केला नाही, गणवेश असा कसा, तुमचा अधिकारी कोण, असा त्यांनी भडिमार केला. शिपायांना वाटलं, कोणीतरी वेडा सुटलाय. त्यांनी त्याला पाणी दिलं, प्रेमाने बसवलं, आणि मग एकाने तो चेहरा ओळखला.

कैद्यांना गावातल्या वीटभट्टीच्या शेडमध्ये ठेवलेलं होतं. साहेबांनाही तिथेच ढकललं. अंधारातून एक वाळका मुलगा उठून पुढे आला.

"मामा? हुकूम आणलात?"

"कसला हुकूम?"

"मागे यायचा. आम्ही वाट बघत होतो."

साहेबांनी घसा खाकरला. "मुलांनो, हे गाव अजूनही आपलंच आहे."

कोपऱ्यात कोणीतरी खो खो हसलं. मग खोकला येईपर्यंत सगळी शेड हसत राहिली.

युद्ध संपलं तेव्हा बहीण चालत त्या गावी पोचली. शेडच्या फाटकाशी आणखी बऱ्याच आया उभ्या होत्या. कैदी बाहेर यायला लागले, आणि फार लवकर यायचे थांबले. तिचा मुलगा त्यांत होता. तिने त्याला जवळ घेतलं तर हाताला नुसती हाडं लागली. बाकीच्या बायका अजून आत बघत होत्या.

पहारेकरी तिच्यापाशी आला. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "बाई, आत एक जण आहे. सारखा तुमच्याकडे बोट दाखवतो. म्हणतो, ती माझ्यासाठी शब्द टाकेल. कोण तुमचा?"

"भाऊ. सख्खा."

"मग? काही सांगायचंय?"

तिने एकदा त्या बायकांकडे पाहिलं.

"सांगायचंय. त्याला सोडू नका," ती म्हणाली. "आणि या बायकांना आत जाऊ द्या. त्यांची मुलं कुठे गेली, ते त्यालाच विचारू द्या त्यांना."

पहारेकऱ्याने फाटक उघडलं.